गावात अन्नावर बैठक कशी घ्यावी: सुरुवात कालच्या ताटापासून

अन्नावर बैठक लावली आणि पहिलाच प्रश्न ‘अडचणी सांगा’ असा टाकला, की पुढचे दोन तास कसे जाणार ते तिथेच ठरतं. पुढे बसलेले चार-पाच जण खताचे भाव, रात्रीची वीज, हमीभाव आणि पीकविमा यांवर बोलतात. त्यातलं काहीच खोटं नसतं. पण हे झालं शेतमालाचं. ज्या घरात आषाढ लागला की पिठाचा डबा वाजायला लागतो, त्या घरातलं कोणी तोंड उघडत नाही, आणि शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं लिहून सतरंज्या गोळा होतात.

यावर उपाय साधा आहे. प्रश्न ताटापासून विचारायचा. काल काय खाल्लं, कोणत्या महिन्यात काय संपतं, पूर्वी काय होतं ते का गेलं, आणि पुढच्या आषाढात ताटात काय हवं. याच क्रमाने जायचं. क्रम मोडला, विशेषतः आशा आधी विचारल्या, तर लोक पाहुण्याला बरं वाटेल असं बोलतात.

केव्हा, कुठे, किती जण

तारीख कामाच्या हंगामावरून काढा. भाताच्या पट्ट्यात आवणीच्या दिवसांत कोणी येणार नाही. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळी ते पाडवा कितीतरी घरांना कुलूप असतं, आणि अन्नाची सर्वांत जास्त ओढाताण असते ती याच घरांची. म्हणून एप्रिलअखेर ते मेचा तिसरा आठवडा बहुतेक गावांना चालतो. टोळ्या परतलेल्या असतात, मृग अजून लागलेला नसतो, त्यामुळे बियाण्याचं काही ठरलं तर ते त्याच खरिपात पेरता येतं. फक्त लग्नाच्या तिथी टाळा.

एकच मोठी बैठक नको. वस्तीनिहाय चार-पाच छोट्या बैठका, प्रत्येकी १२ ते १५ जण. त्यानंतर एक एकत्र बैठक. आणि मग ग्रामसभा. छोट्यांपैकी निदान दोन फक्त बायकांच्या आणि एक भूमिहीन मजुरांची ठेवा. पंधराच्या वर माणसं गेली की मागची रांग ऐकणारी होते, बोलणारी राहत नाही.

जागेवर बरंच अवलंबून असतं. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पण दलित वस्तीतल्या बाया तिथे येतील का, आल्या तर कुठे बसतील, हे आधी स्वतःला विचारा. मालकाच्या ओसरीवर बसून मजुरीवर कोणी बोलणार नाही. रेशन दुकानाच्या शेजारी रेशनचा विषय निघत नाही. छोट्या बैठका त्या-त्या वस्तीत, एखाद्या झाडाखाली किंवा अंगणात घ्या. एकत्र बैठकीला शाळेचा व्हरांडा बरा. बायकांना दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर जमतं. लहान मुलं बरोबर येणारच. ती सांभाळायला गावातलीच एक मुलगी ठेवा आणि तिला त्या दिवसाचे पैसे द्या, नाहीतर निम्म्या आया अर्ध्यावर उठतात.

सामान थोडंच लागतं: दोन किलो रांगोळी, अर्धा किलो चिंचोके, अर्धा किलो वाल, खडू, जुनी वर्तमानपत्रं, चार चार्ट पेपर, दोन मार्कर, एक मडकं आणि फोटोपुरता मोबाइल. प्रोजेक्टर आणू नका. भिंतीवरचं चित्र दाखवणाऱ्याचं राहतं; जमिनीवरची रांगोळी कोणालाही पायाने पुसून पुन्हा काढता येते.

खायला बिस्किटांचे पुडे वाटू नका. अन्नावर बोलायचं तर आंबील, उकडलेल्या शेंगा किंवा गूळ-शेंगदाणे असं गावातलंच द्या. मात्र ते करायचं काम बैठकीतल्या बायकांवर टाकू नका. त्या चुलीपाशी अडकतील आणि ज्यांचं ऐकायला आलो त्याच बाहेर राहतील.

कालचं ताट

जमिनीवर रांगोळीने दहा चौकोन काढा आणि प्रत्येकात ती वस्तू चिमूटभर ठेवा, म्हणजे वाचता न येणारीलाही अडत नाही. पहिल्यात धान्य आणि बटाटा (बटाटा भाजीत धरायचा नाही). दुसऱ्यात डाळी-कडधान्यं. तिसऱ्यात शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे. चौथ्यात दूध-दही. पाचव्यात मटण, कोंबडी, मासळी, सुकट, खेकडे. सहाव्यात अंडी. सातव्यात गर्द हिरव्या पालेभाज्या; शेवग्याचा पाला इथे, शेंगा मात्र नवव्यात. आठव्यात लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा, पपई. नवव्यात बाकीच्या भाज्या, दहाव्यात बाकीची फळं.

प्रत्येकीला मोजून दहा चिंचोके द्या. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे खाल्लं, त्या प्रत्येक चौकोनात एकच चिंचोका टाकायचा, तो पदार्थ तीनदा खाल्ला असला तरी एकच. निदान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा पोटात गेला असेल तरच धरायचं. चहातलं दूध, फोडणीतला कांदा, बोटावरची चटणी यांत येत नाही. इथेच सगळ्यांत जास्त चूक होते: चहामुळे दुधाचा चौकोन भरतो आणि गाव दूध पितं असं दिसतं.

हातात उरलेले चिंचोके कागदाच्या पुडीत बांधून मडक्यात टाकायला सांगा. नाव नाही, खूण नाही. नंतर पुड्या सोडा. ज्या पुडीत पाच किंवा त्याहून कमी चिंचोके, त्या बाईने काल पाच किंवा जास्त प्रकार खाल्ले. १५ ते ४९ वयाच्या बायकांसाठी जगभर हेच माप वापरतात: दहापैकी निदान पाच. हे माप गटाचं आहे. चौदा पुड्यांपैकी पाचच पुड्या या मापात बसल्या तर ती त्या वस्तीची स्थिती. एखादीकडे पाहून ‘तुझं ताट कमी पडलं’ असं म्हणायला ते वापरायचं नाही. तसं एकदा झालं की पुढच्या बैठकीत सगळ्याच जणी दूध पितात आणि अंडी खातात.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हे करू नका, त्या दिवशी प्रत्येक घरात भाजी असते. एकादशी, श्रावणी सोमवार, जत्रा, लग्न यांच्या दुसऱ्या दिवशीही नको.

चौकोन भरले की बोट दाखवून विचारा: ‘हा चौकोन रिकामा का राहिला?’ आणि थांबा. अर्धा मिनिट कोणी बोलत नाही, तो अर्धा मिनिट भरून काढायचा मोह आवरा. सहावा आणि दहावा चौकोन ओसाड दिसला की बोलणं आपोआप सुरू होतं. फक्त बायकांच्या बैठकीत, शेवटाकडे, एक प्रश्न आणखी विचारा: घरात आलेलं अंडं कोणाच्या ताटात गेलं? शेवटी जेवायला बसणारीच्या ताटाचा हिशेब दुसऱ्या कुठल्याही कागदावर येत नाही.

बारा महिन्यांचा तक्ता

पुन्हा रांगोळी. आडवे बारा चौकोन, चैत्र ते फाल्गुन. महिने सणांवरून पक्के करा: पाडवा, अक्षय्य तृतीया, बैलपोळा, दिवाळी, संक्रांत, होळी. इंग्रजी महिने विचारले तर म्हाताऱ्या माणसांचा अंदाज महिनाभराने चुकतो. एकाखाली एक अशा रांगा पाच पुरे: घरचं धान्य, विकत किंवा उधारीवर आणलेलं, हाताला काम, रानातलं खाणं, आजारपण. प्रत्येक चौकोनात शून्य ते पाच चिंचोके, जितकं जास्त तितके चिंचोके.

जमीनवाल्यांचा आणि भूमिहीनांचा तक्ता वेगळा काढा. एकत्र काढला की जमीनवाल्यांचा आकडा बसतो आणि तो सगळ्या गावाचा म्हणून लिहिला जातो.

तक्ता वाचायचा कसा, ते दोन प्रकारच्या गावांवरून सांगता येईल. सह्याद्रीच्या डोंगरी पाड्यावर नाचणी, वरई, भात दिवाळीच्या मागेपुढे घरात येतात. घरच्या धान्याचे चिंचोके मार्गशीर्षात पाच, मग उतरत जाऊन आषाढ-श्रावणात एक किंवा शून्य. आजारपण नेमकं त्याच दोन महिन्यांत चढतं. पण खाली ‘रानातलं खाणं’ ही रांग पाहा: शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, ओढ्यातले खेकडे. धान्याची रांग जिथे रिकामी, तिथे रानाची भरलेली. त्या पाड्याची वाट तिथूनच निघते. मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या गावात चित्र उलटं: दिवाळीला हातात पैसा दिसतो, घरचं धान्य मात्र वर्षभर एक-दोन चिंचोक्यांच्या वर जात नाही, आणि उधारीची रांग ज्येष्ठापासून फुगते, कारण होता तो पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो.

रानभाज्यांची नुसती नावं लिहून उपयोग नाही. कुठल्या महिन्यात, कुठला भाग (कोंब, पाला, फूल, फळ), आणि शिजवायची रीत, असं तीन रकान्यांत लिहा. शेवळं काकडं किंवा चिंचेसारखं आंबट न घालता केली तर घसा खाजतो. असं ज्ञान फक्त दोन-तीन म्हाताऱ्यांकडे उरलेलं असतं, आणि तरुण पोरीने अर्धवट माहितीवर भाजी केली की ती पुन्हा कधी करत नाही. ओळख पटवायला त्या आजींबरोबर पावसाळ्यात एक फेरी काढावी लागते. मेच्या बैठकीत तिची तारीख तेवढी धरून ठेवा.

होतं ते का गेलं

सत्तरीच्या पुढच्या माणसांना साल विचारू नका, खूण विचारा. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवर मिळालेला तांबडा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) महाराष्ट्रात त्या वयाच्या बहुतेकांना आठवतो. लातूर-धाराशिवकडे १९९३ चा भूकंप ही दुसरी खूण. त्या खुणेच्या आधी शेतात काय पेरत होता, नंतर काय, आता काय, असं तीन टप्प्यांत घ्या.

मग गेलेल्या एका पिकाला धरून तीनदा ‘का’ विचारा. ज्वारी का गेली? काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. पाखरं राखणं आधी कसं जमायचं? शिवारात सगळ्यांचीच ज्वारी असायची, पाखरं वाटली जायची. आता एकट्याचीच असली तर सगळी त्याच्यावरच उतरतात. आणि कडबा? जनावरं गेली, कडब्याला गिऱ्हाईक नाही. तिसऱ्या ‘का’ला कळतं की एकट्या शेतकऱ्याला ज्वारी पेरा म्हणून काही होणार नाही, लागून असलेल्या सात-आठ जणांनी एकाच पट्ट्यात पेरली तरच निभाव लागतो. ‘पारंपरिक पिकांकडे वळा’ असं फळ्यावर लिहून हे उत्तर मिळत नाही.

वरई-साव्याचं आणखी एक आहे, आणि ते पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाही. वरई, सावा यांचं टरफल काढायचं म्हणजे उखळ-मुसळ आणि बाईचे तास. रेशनचा तांदूळ आल्यावर ते तास वाचले. वरई परत आणायची इच्छा सभेत टाळ्यांनी मंजूर होईल, पण ती सडायची, म्हणजे कांडून टरफल काढायची, सोय काय हे त्याच दमात ठरलं नाही, तर ती इच्छा बायकांच्या दंडावर बसेल. तेव्हा पीक परत आणायचा विषय निघाला की प्रत्येक वेळी विचारा: हे काम कोणाच्या अंगावर पडणार?

बियाणं नाही असं उत्तर आलं तर गावातच शोधा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालच्या यादीत पद्मश्री मिळाली ती गावठी वाणं घरात जपल्याबद्दलच. वाल, घेवडा, दुधी, दोडका यांचं चार मुठी बी बहुतेक गावांत कोणाच्या तरी शिंकाळ्यात किंवा राखेत ठेवलेलं सापडतं.

हक्काचं धान्य: आकडे भिंतीवर

एकत्र बैठकीत एक चार्ट पेपर फक्त यासाठी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. ही सगळी कच्ची वजनं. म्हणजे पाचवीपर्यंतची ६० मुलं हजर असतील तर त्या दिवशी पातेल्यात ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल पडायला हवं. हा हिशेब एखाद्या सातवीतल्या मुलीकडून सर्वांसमोर मांडून घ्या.

आणि एक भागाकार. ५ किलो भागिले ३० दिवस, म्हणजे माणशी दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. आठवीतल्या मुलाच्या एका दुपारच्या ताटाला १५० ग्रॅम. रेशन पूर्ण मिळालं तरी उरलेलं पोट कशावर भरतं, हे बोलणं या एका आकड्याने सुरू होतं.

इथे बैठक मोडायची भीती सर्वांत जास्त. कोणीतरी उठून दुकानदाराचं नाव घेतं, आवाज चढतात, आणि दुसऱ्या दिवशी अंगठा लावायला त्याच दुकानात जावं लागतं ते बोलणाऱ्या गरिबालाच. त्यामुळे नावं नकोत. आधीच्या तीन महिन्यांच्या ई-पॉसच्या (दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राच्या) पावत्या आणायला सांगा. पावतीवर किती लिहिलंय आणि पिशवीत किती आलं, दोन्ही आकडे नाव न लिहिता एका कागदावर उतरवा. पंधरा पावत्यांत तीच तूट दिसली तर तो कागद गावाचा होतो. तो रेशनवर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीपुढे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, पोच घ्या. तिथे हललं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूदही याच कायद्यात, कलम २८ मध्ये आहे. पावतीच मिळत नसेल, तर पहिली मागणी पावतीची.

तीन ढीग, मग आशा

निघालेली प्रत्येक अडचण एका चिठ्ठीवर लिहून तीन ढीग करा: आपल्या हातातलं, ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, दुकान यांच्या हातातलं, आणि गावाच्या बाहेरचं. परसबाग पहिल्यात, पातेल्यातलं वजन दुसऱ्यात, कांद्याची निर्यातबंदी तिसऱ्यात. तिसऱ्या ढिगावर अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. पण तो फेकूही नका. लोकांचा खरा राग तिथेच असतो. कांदा महागावा असं वाटणारा शेतकरी आणि तो स्वस्त राहावा असं वाटणारी मजूर बाई एकाच सतरंजीवर असतात. दोघांचं एक वाक्य करायचा प्रयत्न करू नका. दोन वाक्यं लिहा, दोन्ही मोठ्याने वाचा.

आता आशा. ‘तुमचं स्वप्न काय’ असं नको. ‘पुढच्या आषाढात ताटात काय हवं, जे यंदाच्या आषाढात नसेल?’ असं विचारा. उत्तरं लहान येतात आणि खरी असतात: आठवड्यातून दोन अंडी, पोराला दूध, पिठात थोडी ज्वारी. सात-आठ उत्तरं चित्रांनी मांडा. प्रत्येकाला तीन मतं. बायकांना चिंचोके, पुरुषांना वाल. आधी बायका टाकतील, त्यावर कागद झाकायचा, मग पुरुष. कागद उचलल्यावर चिंचोके एकीकडे आणि वाल दुसरीकडे दिसले, तर त्या फरकावर पंधरा मिनिटं नक्की द्या. निवडायच्या दोनच गोष्टी. एक पहिल्या ढिगातली, एक दुसऱ्यातली. पाच निवडल्या तर दिवाळीपर्यंत एकही झालेली नसते.

ठराव

ग्रामसभेची नोटीस निघायच्या आधी विषय लेखी द्या, नाहीतर ‘आयत्या वेळचे विषय’ यात तो शेवटी येतो आणि तोवर लोक उठलेले असतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे ठराव आधी मंजूर करून घेतला तर वजन वाढतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं आणायची जबाबदारी वस्तीवार वाटून घ्या. पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित भागात) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिथेच मांडा.

मसुद्यात कृती, वजन, तारीख आणि माणूस हवा. ‘पोषण आहाराचा दर्जा सुधारावा’ असा ठराव कोणालाच बांधत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘असे ठरले की, शाळा सुरू झाल्याच्या दिवसापासून रोज शिजवलेल्या तांदूळ, डाळ, भाजी व तेलाचे कच्चे वजन हजर पटासह शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन माता-पालकांनी वजन पाहून नोंदवहीत सही करावी. पहिल्या तीन महिन्यांच्या पालकांची नावे सोबत जोडली आहेत.’ खाली सूचक, अनुमोदक. पैसे लागणारी गोष्ट असेल, उदाहरणार्थ वरई सडायचं यंत्र, तर ती ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात घालायला वेगळं वाक्य लिहा. इतिवृत्त वाचून झाल्यावरच सही करा आणि ठरावाची प्रत मागून घ्या.

रांगोळीचे तक्ते पुसण्याआधी फोटो काढा आणि गावातल्याच कोणाकडून ते चार्टवर उतरवून घ्या. मूळ चार्ट अंगणवाडीत किंवा बचतगटाच्या पेटीत राहील. बाहेरून आलेल्याने फोटो न्यावेत. पुढचं ताट आषाढात मोजा, आणि मग बरोबर वर्षाने पुन्हा आषाढात. मेमधलं ताट आषाढाच्या ताटाशी ताडून पाहू नका. मेमध्ये आठव्या चौकोनात आंबा असतो.